दृश्यकलेची प्रेरणा आणि आकलन : जुन्नर-आंबेगाव परिसरातील शिल्पावशेषांच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात साहित्यविचार शिकवताना कलेच्या प्रेरणेचा प्रश्न दरवर्षी येतो, आणि उत्तरपत्रिकांत त्याचे एकच उत्तर दरवर्षी सापडते : कला म्हणजे कलावंताच्या अंतःकरणातील भावनांचा उत्स्फूर्त आविष्कार. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. विशेष म्हणजे ते लिहिणारे बहुसंख्य विद्यार्थी जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील आहेत. त्यांच्या गावांभोवतीच्या डोंगरांत लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास शैलगृहे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे तीन शतके त्यांचे काम चालू होते. लेण्याद्रीला हे विद्यार्थी लहानपणापासून जातात. मात्र परीक्षेत कलेचे उदाहरण देताना त्यांना आठवते ती 'मोनालिसा' किंवा पाठ्यपुस्तकातील एखादी कविता. दारातला डोंगर त्यांना कलेच्या चर्चेत आणावासा वाटत नाही.

असे का होते, या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला. विद्यार्थ्यांच्या अनास्थेकडे बोट दाखवून या प्रश्नातून सुटता येणार नाही. आपण त्यांना दिलेली प्रेरणेची कल्पनाच अशी आहे, की तिच्या चौकटीत हा डोंगर बसत नाही. ती चौकट तपासणे आणि दृश्यकलेची निर्मिती व आकलन यांविषयीच्या काही मूलभूत कल्पना जुन्नर परिसरातील प्रत्यक्ष अवशेषांवर घासून पाहणे, हा या लेखाचा उद्देश होय.

१. प्रेरणेच्या प्रचलित कल्पना

प्रेरणेविषयी आपल्याकडे जे शिकवले जाते त्याची मुळे प्रामुख्याने दोन विचारांत आहेत. पहिला विचार आविष्कारवादाचा. कलावंताने स्वतः अनुभवलेली भावना इतरांपर्यंत संक्रमित करणे म्हणजे कला, असे टॉलस्टॉयने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. कॉलिंगवूडने १९३८ मध्ये कला आणि कारागिरी यांत स्पष्ट भेद केला. त्याच्या मते कारागिराला आपण काय घडवणार हे आधीच ठाऊक असते, त्याची योजना व तिची अंमलबजावणी वेगळ्या करता येतात. कलावंताला मात्र आपली भावना नेमकी काय आहे हे ती व्यक्त करतानाच उमगत जाते.

दुसरा विचार रूपवादाचा. क्लाइव्ह बेलने १९१४ मध्ये 'अर्थपूर्ण रूप' ही संकल्पना मांडली. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयींच्या आधारे सौंदर्याची स्वतंत्र उपपत्ती दिली. मर्ढेकरांचे ऋण मोठे आहे. कलाकृतीबाहेरच्या गोष्टींवरून कलाकृतीला गुण देण्याची सवय त्यांनी मोडली. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात अलौकिकतावादी व लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार कसा हेलकावत असतो, याचे तपशीलवार विवेचन केले. प्रस्तुत लेखाला ही द्विध्रुवात्मक दृष्टी उपयुक्त वाटते. कारण जुन्नरची लेणी कोणत्याही एका ध्रुवावर स्थिर राहत नाहीत.

ग्रंथांतील या विचारांबरोबर तिसरी एक कल्पना लोकमनात आहे : 'ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.' महाराष्ट्रातील कितीतरी लेण्यांविषयी ही आख्यायिका सांगितली जाते. तिला भाबडी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण बारकाईने पाहिले तर वर्गातली 'उत्स्फूर्त आविष्कारा'ची व्याख्या आणि पांडवांची एक रात्र यांचे नाते जवळचे आहे. दोन्ही कल्पना निर्मितीला एका क्षणात गोळा करतात आणि दोन्हींत श्रम दिसेनासे होतात. आख्यायिकेत देवतुल्य वीर येतात, व्याख्येत प्रतिभावंत येतो. दगड फोडणारा माणूस दोन्हीकडून वगळला जातो.

२. पाषाण आणि घडण

दख्खनच्या काळ्या कातळातील शैलगृह ही बांधलेली वास्तू नव्हे. बांधकामात भर घालत जायचे असते, कोरकामात वजा करत जायचे असते. इथे काढलेला दगड परत लावता येत नाही. खांब कोठे राहणार, स्तूप किती उंचीचा होणार, छताची कमान कोठून सुरू होणार, हे पहिली टाकी मारण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. म्हणजे कॉलिंगवूडच्या कसोटीनुसार ही सर्व निर्मिती कारागिरीत जमा होते. ही कसोटी स्वीकारायची असेल तर लेण्याद्रीचे चैत्यगृह कलेच्या बाहेर ठेवावे लागेल. तसे करण्यास कोणीही सहृदय तयार होणार नाही. तेव्हा दोष कसोटीत आहे, असे म्हणावे लागते. पूर्वयोजना आणि सर्जन यांत वैर नाही. माध्यमाची सक्ती जिथे अधिक तिथे सर्जन योजनेतच घडते.

जुन्नरच्या पश्चिमेकडील तुळजा लेणे हे याचे उत्तम उदाहरण होय. येथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, त्याच्या भोवती बारा अष्टकोनी खांब, स्तूपावर घुमटाकार छत. खांबांना तळखडा नाही, शीर्ष नाही, नक्षी नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत याचे वर्णन चांगले करता येते. सारख्या खांबांच्या पुनरावृत्तीत संवादलय आहे, उभ्या खांबांच्या रेषा आणि स्तूपाची गोलाई यांत विरोधलय आहे, आणि घुमट या दोहोंचा समतोल साधतो. इथपर्यंत रूपवाद आपल्याला नेतो आणि नीट नेतो.

परंतु हे वर्तुळ कशासाठी आहे, हा प्रश्न रूपवाद विचारत नाही. ते प्रदक्षिणेसाठी आहे. दाराशी उभे राहून पाहणाऱ्याला या लेण्याचे रूप अर्धेच कळते. खांब आणि भिंत यांच्यामधून चालू लागले की स्तूप खांबांआड जातो, पुन्हा दिसतो, पुन्हा जातो. बारा खांबांमुळे एकच स्तूप अनेकदा नव्याने समोर येतो. म्हणजे येथील लय नुसती डोळ्यांची नाही, पावलांचीही आहे. आणि ती केवळ सौंदर्यासाठी योजलेली नसून उपासनेच्या गरजेतून आलेली आहे. उपयुक्तता आणि सौंदर्य यांची फारकत करणारी व्याख्या इथे अडखळते. ज्या गरजेने वर्तुळ मागितले, तिनेच लयही दिली.

कातळाच्या घडणीतली आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात गजपृष्ठाकृती छताला दगडाच्या फासळ्या कोरलेल्या आहेत. दगडी छताला फासळ्यांची गरज नसते. गरज असते ती लाकडी छताला. लाकडाची ही आठवण दगडात उतरली आहे. पुणे जिल्ह्यातच, मावळातील कार्ले येथील एका लेखात लेण्याचे मुख धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, घडविल्याची नोंद आहे. सुतार दगडात काम करतो तेव्हा त्याच्या हाताचे वळण लाकडाचेच राहते. प्रेरणा अंतःकरणातून येते हे खरे मानले तरी ती हातातून जाताना हाताच्या सवयीचा रंग घेते. द. ग. गोडसे यांनी 'पोत' (१९६३) या ग्रंथात कलाकृतीचा पोत आणि तिला जन्म देणाऱ्या भूमीचा व समाजाचा पोत यांचा जो संबंध शोधला, त्याचा अर्थ अशा ठिकाणी स्पष्ट होतो.

३. दाता, कारागीर आणि परंपरा

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख वाचताना प्रेरणेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. लेण्याद्रीचे वर उल्लेखिलेले चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र सुलसदत याचे दान आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शेचाळिसाव्या वर्षी मंडप व टाके करविल्याचा लेख मानमोडी डोंगरावर आहे. कलाकृती, पाणी आणि सावली या तिन्ही गोष्टी या लेखांत एकाच दानपरंपरेत येतात. स्वायत्त कलाकृती ही आपली कल्पना त्या काळाच्या मनात नव्हती, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळेल.

नाणेघाटाच्या मार्गाने चालणारा व्यापार हे या दानांचे आर्थिक अधिष्ठान होते. दा. ध. कोसंबी यांनी लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा संबंध ठामपणे पुढे आणला, तसेच लेखातील 'मानमुकड' या नावाचा धागा आजच्या मानमोडीशी जोडून दाखवला. त्यांच्या मांडणीमुळे लेण्यांच्या अभ्यासाला भक्कम जमीन मिळाली. मात्र तिचा आधार घेणाऱ्या सोप्या लेखनात लेणे म्हणजे केवळ व्यापारी तळाचा पुरावा उरतो. पैसा कोठून आला हे कळल्याने तुळजा लेण्यात बाराच खांब का, हे कळत नाही.

मानमोडीवरील भूतलेण्याचे दर्शनी मुख या दृष्टीने फार बोलके आहे. तेथील चैत्यकमानीच्या अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे केले असून मधल्या कप्प्यात गजलक्ष्मी उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना कमळांवर उभे हत्ती आणि त्यापलीकडे हात जोडलेले उपासक स्त्रीपुरुष आहेत. बाजूला स्तूपाच्या उठावाकृती, नाग आणि गरुड यांच्या प्रतिमा आहेत. या मुखाच्या दानाचा लेख चंद नावाच्या यवनाचा आहे.

कलाकृती म्हणजे निर्मात्याच्या वा प्रायोजकाच्या व्यक्तित्वाचा आविष्कार, हे सूत्र येथे लावून पाहावे. दाता यवन आहे; पण शिल्पात यवन असे काही नाही. लक्ष्मी, हत्ती, कमळ, स्तूप, नाग ही सर्व या भूमीची प्रतिमाभाषा आहे. परक्या मुळाच्या माणसाने स्वतःची भावना व्यक्त करण्यासाठी स्वतःची भाषा लादली नाही. जी भाषा इथे बोलली जात होती तिच्यात त्याने आपला वाटा घातला. भरहूत व सांचीपासून चालत आलेली ही गजलक्ष्मी बौद्ध, जैन आणि वैदिक अशा सर्व परंपरांना मान्य होती. म्हणून प्रेरणेचा विचार करताना व्यक्तीपेक्षा परंपरेला प्राधान्य द्यावे लागते. परंपरा म्हणजे कलावंतावरचे बंधन असे आपण समजतो; येथे ती परस्परांना अनोळखी असलेल्या माणसांना एकत्र काम करू देणारी सोय आहे.

४. नाव आणि रूप

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये या लेण्याची नोंद केली. त्याच्या मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी अशा व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. प्रत्येक प्रतिमेच्या वर तिचे नाव कोरलेले होते. आज प्रतिमा जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाल्या आहेत. पावलांच्या काही खुणा आणि नावे तेवढी उरली आहेत.

कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्रकलेची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ही परिभाषा लेण्यांच्या बऱ्याच नंतरची आहे, त्यामुळे ती सावधपणे वापरली पाहिजे. तरीही 'सादृश्य' या अंगाचा विचार नाणेघाटात अपरिहार्य होतो. ज्यांच्या सादृश्यासाठी शिल्पे कोरली त्यांचे सादृश्य गेले आणि नाव राहिले. उलट लेण्याद्री, तुळजा, मानमोडी येथे रूप राहिले आहे, आणि ज्यांनी ते प्रत्यक्ष घडवले त्यांची नावे नाहीत. दात्यांची नावे आहेत, श्रेणींची आहेत, अमात्याचे आहे. टाकी चालवणाऱ्याचे नाही. कार्ल्याच्या सामीसारखा उल्लेख अपवादात्मक ठरतो.

एका ठिकाणी रूपाविना नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नावाविना रूप, अशी ही परिस्थिती आहे. आपली समीक्षा नावापासून सुरू होते. आधी कलावंताचे चरित्र, मग त्याची प्रेरणा, मग कलाकृती असा आपला क्रम असतो. जिथे नावच नाही तिथे या क्रमाला पहिली पायरीच मिळत नाही, आणि म्हणून विद्यार्थ्याला वाटते की येथे बोलण्यासारखे काही नाही. वस्तुतः क्रम उलटा केला तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. भूतलेण्याचे मुख कोरून झाले, पण आतले काम पुरे झालेले नाही. अशा अपुऱ्या लेण्यांत कोणते काम आधी, कोणते नंतर, हे भिंतींवर वाचता येते. कारागिराने नाव लिहिले नसले तरी आपली कामाची रीत मागे ठेवली आहे.

५. आकलन : पाहणाऱ्यांचे प्रकार

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पाहणाऱ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छायाप्रकाशाच्या कामाची, स्त्रियांना अलंकरण आवडते आणि इतरेजनांना रंगांची समृद्धी. त्यातील स्त्रियांविषयीचे सरसकट विधान आज मान्य होण्यासारखे नाही. पण एकच चित्र वेगवेगळे लोक वेगवेगळ्या ठिकाणी पाहतात, आणि चित्रकाराने या सर्वांचा विचार ठेवावा, ही भूमिका आजही उपयोगी आहे. आकलन म्हणजे एकच अचूक अर्थ लावणे नव्हे, हे तिच्यात गृहीत आहे.

लेण्याद्री हे अशा अनेक दृष्टींचे जिवंत स्थळ आहे. सातव्या क्रमांकाचे प्रशस्त लेणे मुळात भिक्षूंचा विहार. आज ते अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. त्याच वेळी ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारकही आहे. एकाच पायऱ्या चढून वर आलेला भाविक आणि पर्यटक एकाच सभागृहात उभे राहतात. पण एकाला तो गाभाऱ्यापुढचा मंडप दिसतो, दुसऱ्याला भिक्षूंच्या खोल्यांनी वेढलेले दालन. यांपैकी एकच पाहणे खरे, असा निवाडा करणे समीक्षेचे काम नव्हे. मात्र विहाराचा इतिहास ठाऊक नसलेले पाहणे आणि भाविकाच्या श्रद्धेला ओलांडून जाणारे पाहणे, ही दोन्ही अपुरी आहेत, हे सांगणे तिचे काम आहे.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांकडे वळल्यावर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. वाघोबाच्या ठाण्यातील शेंदूर फासलेला दगड ही दृश्यकला आहे काय? वाघबारशीला त्याच्यावर नवा शेंदूर चढतो. थरावर थर चढत गेले की मूळ आकार, असलाच तर, झाकला जातो. रूपवादी समीक्षेला हे रूपाचे नुकसान वाटेल. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढले गेले आणि आतील मूळ रूप प्रकट झाले, तेव्हा अनेकांना हरवलेले शिल्प सापडल्याचा आनंद झाला. तो योग्यच होता. पण शेंदूर चढवणाऱ्या पिढ्यांनी शिल्प बिघडवले, असा त्याचा अर्थ घेणे चूक ठरेल. त्यांच्या दृष्टीने दृश्य कृती म्हणजे पूर्ण झालेली मूर्ती नव्हती. शेंदूर लावणे हीच ती कृती होती. तिथे कला नामात नसून क्रियापदात आहे. पूर्ण झालेली वस्तू हीच कला, या आपल्या गृहीतकाला वाघोबाचा दगड शांतपणे नकार देतो.

या संदर्भात एका अनुभवाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसह मानमोडीवर गेलो असता प्रस्तुत लेखकाने गजलक्ष्मीविषयी तयार टिपणानुसार माहिती सांगितली. विद्यार्थ्यांनी ती लिहून घेतली. त्यांतील एक जण मात्र बाजूच्या अर्धवट कोरलेल्या भिंतीपाशी रेंगाळला होता. त्याचे आजोबा गावोगाव फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावत असत. त्याने घावांवर बोट फिरवून दाखवले : इथे घाव खोल व तिरपे आहेत, म्हणजे नुसता दगड काढायचा होता, तिथे बारीक व जवळजवळ आहेत, म्हणजे अंग सपाट करायचे होते, आणि हा घाव मारणाऱ्याचा हात दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे. त्याचे शेवटचे विधान तपासून पाहण्याचे साधन प्रस्तुत लेखकाकडे नव्हते. पण त्या दिवशी लेण्याविषयी सर्वांत अधिक त्यालाच कळले होते, याविषयी शंका नव्हती. वर्षअखेरीच्या उत्तरपत्रिकेत मात्र त्यानेही कला म्हणजे भावनांचा उत्स्फूर्त आविष्कार, असेच लिहिले. त्याच्याजवळचे ज्ञान परीक्षेत चालण्यासारखे आहे, असे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते ते आम्हीच.

चित्रसूत्राच्या यादीत आचार्य आहेत, जाणकार आहेत, सामान्यजन आहेत. त्याच साधनांनी काम करणारा प्रेक्षक तेवढा नाही. हा पाचवा पाहणारा आपल्या वर्गात बसलेला असतो. त्याला आपण मर्ढेकर शिकवतो, ते आवश्यकच आहे. पण त्याच्याकडून टाकीचे घाव वाचायला शिकत नाही, ही आपली उणीव आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१) दृश्यकलेची प्रेरणा निर्मात्याच्या मनातील एका क्षणापुरती मर्यादित नसते. माध्यम, उपयोग, दाता, परंपरा आणि हाताचे वळण यांच्या परस्परसंबंधांतून ती घडत जाते.

२) कला आणि कारागिरी यांतील काटेकोर भेद शैलगृहांच्या बाबतीत टिकत नाही. पूर्वयोजना हे येथे सर्जनाचेच अंग आहे.

३) रूपवादी विश्लेषण आकलनाची आवश्यक पायरी आहे, पण अखेरची नव्हे. तुळजा लेण्यातील लय रूपवादाने दाखवता येते. तिचे कारण मात्र उपासनेच्या व्यवहारात शोधावे लागते.

४) केवळ आर्थिक-सामाजिक स्पष्टीकरणही पुरेसे नाही, ते निर्मितीची शक्यता सांगते, तिचे रूप सांगत नाही.

५) आकलनाचे अधिकार आचार्य आणि जाणकार यांच्यापुरते राखून ठेवता येत नाहीत. भाविकाचे पाहणे आणि कारागिराचे पाहणे ही समीक्षेची साधने म्हणून स्वीकारली पाहिजेत.

या निष्कर्षांचा अध्यापनाच्या दृष्टीने एक सरळ अर्थ निघतो. कलाकृतीसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'कलावंताला यातून काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याआधी ही वस्तू कशात घडली, कशी घडली, कोणासाठी घडली आणि आज तिच्याशी कोण कसे वागते, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे ग्रंथालयात जितकी आहेत तितकीच विद्यार्थ्यांच्या घरात आहेत. पुढच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेत एखाद्याने 'मोनालिसा'ऐवजी तुळजा लेण्याच्या बारा खांबांचे उदाहरण दिले, तर ते स्थानिक अभिमानापोटी नव्हे, पाहून दिलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.